पाच लाख खात्यात पडत नसतात, भाऊ

मराठवाड्यातल्या सगळ्या पक्षांच्या गावोगावच्या कार्यकर्त्यांना खुलं पत्र

दादांनो, भाऊंनो, ताईंनो,

सप्रेम नमस्कार.

२०१३ पासून २०२४ च्या दिवाळीपर्यंत मी नांदेडच्या एका खासगी दवाखान्यात सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेच्या, म्हणजे आजच्या महात्मा फुले-आयुष्मान भारत योजनेच्या, टेबलावर बसत होतो. गळ्यातल्या ओळखपत्रावर ‘आरोग्यमित्र’ लिहिलेलं. नाव गोड, नोकरी कंत्राटी. आलेल्या माणसाचं रेशनकार्ड बघायचं, आधारशी नाव जुळतंय का पाहायचं, कागद चढवायचे आणि मुंबईहून मंजुरी येईपर्यंत नातेवाइकांचं बोलणं खायचं. आता नोकरी सोडली आहे, म्हणून मोकळेपणी लिहितो.

हे पत्र मंत्र्यांना लिहिलं नाही. त्यांना पत्रं पुष्कळ जातात. पण रात्री अकरा वाजता एखादा माणूस छातीवर हात ठेवून खाली बसला, तर घरचे मंत्र्याला फोन लावत नाहीत, तुम्हाला लावतात. “भाऊ, कुठं न्यावं?” त्या फोनला तुम्ही जे उत्तर देता त्यावर एखादं घर वाचतं किंवा सावकाराच्या दारात जातं. अकरा वर्षं मी त्या उत्तरांचा शेवट बघत आलो.

माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न आजाराचा नव्हताच. “साहेब, ते पाच लाख खात्यात कधी पडतेत?” पहिल्यांदा हसू आलं, नंतर येईना. पीएम किसानचे दोन हजार खात्यात पडतात, पीक विमा आला तर खात्यात पडतो, मग हे का नाही? विचारणाऱ्याचा हिशोब सरळ होता. सरकार म्हणजे मोबाइलवर वाजणारा मेसेज, अशीच ओळख आपण सगळ्यांनी करून दिलेली.

तर पुन्हा एकदा, टेबलावर सांगायचो तसंच सांगतो. पाच लाख ही एका कुटुंबाची, म्हणजे कार्डावरच्या सगळ्यांची मिळून, एका वर्षाची मर्यादा आहे. रुग्णाच्या हातात एक रुपया येत नाही. योजनेच्या यादीतल्या दवाखान्यानं योजनेच्या यादीतला उपचार केला तर पैसे त्या दवाखान्याला मिळतात. त्याआधी ऑनलाइन मंजुरी लागते, आम्ही तिला प्रीऑथ म्हणतो. मंजुरी आली की खाट, तपासण्या, ऑपरेशन, औषधं, रुग्णाचं जेवण आणि सुट्टी झाल्यावर गावी जायचं एकवेळचं भाडं, सगळं त्यातच. डायलिसिस, अँजिओप्लास्टी, केमो, नवजात लेकराची काचेची पेटी, हे त्यात बसतं. ओपीडीतली गोळी आणि गावातल्या डॉक्टरनं लावलेलं सलाइन बसत नाही. अडल्या वेळी दवाखाना फोनवरूनही मंजुरी घेऊ शकतो, कागद मागून दिले तरी चालतात. एवढंच आहे. पण एवढं नीट सांगणारा माणूस गावात मला क्वचित भेटला. एक बाजू म्हणते सगळं फुकट, दुसरी म्हणते सगळं बोगस.

मुदखेड तालुक्यातल्या एका गावात आयुष्मान कार्डाचं शिबिर होतं. मला मदतीला बोलावलेलं. दुपारपर्यंत मोजकी आठ-दहा माणसं आली. विचारलं तर कळलं, कार्ड काढलं की पिवळं रेशन बंद होणार, असं पारावर बोललं गेलंय. शिवाय अंगठा दिला की खात्यातले पैसे जातात. ही दुसरी भीती मला अगदीच खोटी म्हणवत नाही. बँकेचे साहेब वर्षभर बजावतात, ओटीपी कुणाला सांगू नका. आणि आशाताई दारात येऊन म्हणते, मावशी, ओटीपी सांगा. मावशीनं नाही सांगितला, तर यात मावशीचं काय चुकलं? पण रेशन बंद होण्याची गोष्ट पारावर आपोआप उगवली नव्हती. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर होती आणि शिबिर भरवलं होतं समोरच्या पॅनलनं.

आता मुखेडकडच्या भावाची गोष्ट सांगतो. नाव सांगणार नाही, तुमच्यातलाच आहे. २०१८ च्या पावसाळ्यात रात्री दोनच्या सुमारास त्यानं बापाला जीपमध्ये घालून आणलं. “बापूला आधी शरीक करा, पैशाचं मी बघतो.” डॉक्टरांनी अँजिओग्राफी केली, दोन स्टेंट लागतील म्हणाले, आकडा सांगितला. हा बाहेर पायरीवर बसून फोन लावत राहिला. त्या वेळेला कोण फोन उचलतं? मग टेबलापाशी आला, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच विचारलं, “योजनेत बसतंय का?” केशरी कार्ड होतं, म्हणजे बसत होतं. फोनवरून मंजुरी घेतली, पहाटेपर्यंत स्टेंट बसले. सुट्टीच्या दिवशी जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, “एक काम करा. गावातलं कुणी इचारलं तर योजनेतून झालं म्हणू नका.” कारण दोनच महिन्यांपूर्वी त्यानं तहसीलसमोर माईकवर ही योजना म्हणजे निव्वळ धूळफेक आहे, असं भाषण ठोकलं होतं.

मी कुणाला बोललो नाही. पण पुढच्या वर्षी त्याच गावातला एक जण बायकोच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन रोखीनं करून बसला. मोंढ्यातल्या आडत्याकडून शेकडा तीननं उचलून. मी म्हटलं, अरे, योजनेत का नाही आलास? तर म्हणाला, “भाऊ म्हणले, ते बोगस हाय.”

त्या भावाला सगळ्यात मोठी गंमत आजही माहीत नसेल. ज्या योजनेला तो माईकवरून शिव्या देत होता, ती नांदेडात त्याच्याच पक्षाच्या सरकारनं आणली होती. मधल्या काळात पाटी बदलली, त्यामुळं त्याला आपलंच लेकरू ओळखू आलं नाही.

पाटीचा हा घोळ मी टेबलावरून बघितला आहे. १९९७ साली युतीच्या सरकारनं जीवनदायी योजना काढली, मोजक्या मोठ्या आजारांपुरती. २ जुलै २०१२ ला आघाडी सरकारनं राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू केली. त्या आठात मराठवाड्यातून एकटं नांदेड होतं. नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर झाली. तेव्हा मर्यादा दीड लाखाची, उपचार ९७१. पुढं शेतकरी आत्महत्यांच्या चौदा जिल्ह्यांत पांढऱ्या कार्डावरच्या शेतकऱ्यालाही सातबारा दाखवून तीत जागा मिळाली, आणि त्या चौदात आपले आठही जिल्हे होते. १ एप्रिल २०१७ ला नाव बदलून महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजना झालं. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली आणि १ एप्रिल २०२० पासून दोन्ही एकत्र चालू लागल्या. त्याच वर्षी मे महिन्यात, कोविडमध्ये, फुले योजना कार्डाचा रंग न बघता सगळ्यांना खुली केली. तेव्हा आरोग्यमंत्री होते जालन्याचे राजेश टोपे. सगळ्यांना पाच लाखांचा निर्णय २०२३ मध्ये झाला आणि १ जुलै २०२४ पासून लागू झाला, १,३५६ उपचारांसह. निर्णयाच्या वेळी आरोग्यमंत्री धाराशिव जिल्ह्यातल्या परंड्याचे आमदार तानाजी सावंत. आता सांगा, ही योजना कुणाची? सगळ्यांनी तिला थोडं थोडं वाढवलंय आणि सगळ्यांनी ती आपलीच म्हणून मिरवलीय.

रुग्णाच्या तोंडी मात्र तीन वेगवेगळ्या योजना आहेत. म्हातारी माणसं अजून “राजीव गांधीत बसवा” म्हणतात. मधल्या वयाची “फुलेत होतंय का” विचारतात. तरुण पोरं आयुष्मानचं कार्ड मोबाइलमध्ये दाखवतात. आणि निम्म्यांना वाटतं, यातली पहिली बंद पडली, दुसरीचे पैसे संपले आणि तिसरी आपल्यासाठी नाहीच.

एका प्रशिक्षणाला आलेल्या डॉक्टरांनी आम्हाला अमेरिकेतलं सांगितलं होतं, ते मला फार आवडलं म्हणून इथं देतो. बराक ओबामांनी मार्च २०१० मध्ये आरोग्य विम्याच्या कायद्यावर सही केली. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात तिथं आवई उठली की आता सरकारी मंडळ बसणार आणि कुठल्या म्हाताऱ्याला जगवायचं, कुठल्याला नाही, ते ठरवणार. मसुद्यात असलं काही नव्हतं. शेवटच्या दिवसांत कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, याबद्दल रुग्ण डॉक्टरांशी बोलायला गेला तर त्या भेटीचे पैसे सरकारी विम्यानं द्यावेत, एवढीच तरतूद होती. ओरड एवढी झाली की ती शेवटी काढूनच टाकली. आणि कायदा झाल्यावर जनमत चाचण्या घेतल्या, तर ‘ओबामाकेअर’ आवडतो का विचारलं की नाही म्हणणारे जास्त आणि त्याच कायद्याचं सरकारी नाव घेऊन विचारलं की कमी. एवढा शिकलेला, पैसेवाला देश. तेव्हा मुखेडच्या आमच्या भावानं वाईट वाटून घेऊ नये.

विरोधातल्यांचं झालं. सत्तेच्या बाजूच्या मंडळींनी फार खूश होऊ नये.

लोह्याकडच्या एका उत्साही कार्यकर्त्यानं जुलै २०२४ नंतर चौकात फ्लेक्स लावला. ‘पाच लाखांपर्यंत सर्व उपचार, सर्व दवाखान्यांत, मोफत!’ वर सात फोटो, त्यात त्याचा स्वतःचा सगळ्यात मोठा. हेल्पलाइनचा नंबर खाली कोपऱ्यात, तोही बांबूच्या दोरीखाली गेलेला. महिन्याभरात त्याच्याच मावशीला पित्ताशयाचे खडे निघाले. जवळचा, ओळखीचा म्हणून एका दवाखान्यात नेलं, ऑपरेशन झालं, बिल हातात पडलं. तो दवाखाना यादीतच नव्हता. मला फोन करून म्हणाला, “तुम्ही लोकांनी योजना विकून खाल्ली.” मी विचारलं, नेण्याआधी मला किंवा त्या नंबरवर एक फोन का नाही केला? म्हणाला, “कोणता नंबर?” तेव्हापासून तोही योजनेला बोगस म्हणतो. म्हणजे निदान या एका विषयावर तरी त्याचं आणि मुखेडच्या भावाचं जमलं.

तुम्हाला वाटेल, हा माणूस योजनेची वकिली करतोय. तिच्यात काय कुजलंय ते मी तुमच्यापेक्षा जास्त जवळून बघितलंय. मंजुरी आली तरी ‘वरचे’ म्हणून पैसे मागणारे दवाखाने आहेत. औषध बाहेरून आणायला लावतात, पक्की पावती देत नाहीत. मी असले झगडे टेबलावर रोज केले, काही जिंकलो, बरेच हरलो. दुसऱ्या बाजूनं डॉक्टरांचंही एक म्हणणं आहे आणि ते खोटं नाही. पॅकेजचे दर कमी पडतात आणि बिलं महिनोन्‌महिने अडकतात. वीस खाटांचा दवाखाना चालवणारा माणूस नर्सचा पगार कशातून देणार? मग तो योजनेच्या रुग्णाला खाट रिकामी नाही म्हणतो. बिलं वेळेवर का निघत नाहीत, हा प्रश्न घेऊन निघालेला मोर्चा मी अकरा वर्षांत एकदाही बघितला नाही.

किनवट-माहूरच्या माणसाला नांदेड सव्वाशे किलोमीटरच्या पुढं पडतं. आदिलाबाद त्याला जवळ, पण राज्य बदललं की माझ्यासारख्या टेबलवाल्याचा तिथं काही उपयोग नाही. हृदयाचा झटका असं अंतर कापू देत नसतो. यावर बोला ना.

आणि सुनांच्या नावांवर बोला. लग्न झालं की माहेरच्या कार्डातून मुलीचं नाव कमी होतं, सासरच्या कार्डात चढवायला तहसीलला चकरा. मधली दोन-तीन वर्षं ती पोर कुणाच्याच कार्डात नसते, आणि नेमकी तीच वर्षं बाळंतपणाची. आधारवर ज्ञानोबा आणि रेशनकार्डावर ज्ञानदेव, हे तर आपल्याकडं घरटी एक. मतदार यादीतलं नाव तुम्ही निवडणुकीच्या आधी बरोबर दुरुस्त करून आणता. तेवढीच धावपळ रेशनकार्डाच्या नावासाठी केली तर तहसीलदार नाही म्हणणार आहेत का?

यातच माझा एक दोष कबूल करतो. २०१६ च्या उन्हाळ्यात अशीच एक सून आली होती, सोबत सासू. नाव कार्डात नव्हतं. टेबलासमोर रांग होती, मी त्रासलेला होतो. वर फोन करून विचारता आलं असतं, काही मार्ग निघालाही असता. मी नुसतं म्हणालो, “बसत नाही, तहसीलला जाऊन या.” सासूनं कागद पिशवीत घातले आणि दोघी गेल्या. परत आल्या नाहीत. पुढं काय झालं ते मी शोधलं नाही.

आता सरकारी दवाखान्याकडं येऊ. योजनेवर एक गंभीर टीका आहे आणि ती तुमच्या भाषणात क्वचितच येते. सरकार मोठ्या ऑपरेशनला लाखो रुपये मोजतं, पण त्यातला बराचसा पैसा खासगी दवाखान्यांत जातो आणि प्राथमिक आरोग्य केंद्र तसंच राहतं. बीपीची गोळी वेळेवर मिळाली असती तर ज्याची किडनी वाचली असती, तो डायलिसिसला लागला की मग आपण त्याला योजनेत बसवतो. या टीकेशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. फक्त त्यावरून योजनाच बंद करा म्हणणाऱ्याला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला येणाऱ्या माणसासमोर उभं राहून ते बोलता आलं पाहिजे.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपरपासून सगळं मोफत झालं. हेही कितीजणांना माहीत आहे? आणि पुढच्या दीड-दोन महिन्यांतच, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आपल्या विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण गेले. त्यात १२ नवजात बाळं. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. आपण काय केलं? एका खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हाती खराटा दिला आणि कॅमेऱ्यासमोर शौचालय धुवायला लावलं. एका बाजूनं टाळ्या, दुसऱ्या बाजूनं निषेध. आठवडाभर चर्चा त्या शौचालयाचीच. त्या वॉर्डात रात्रपाळीला एका नर्सच्या वाट्याला किती बाळं असतात, हे विचारणारा कार्यकर्ता मला तरी भेटला नाही.

कट प्रॅक्टिसचंही तसंच. गावातल्या डॉक्टरनं चिठ्ठी देऊन रुग्ण मोठ्या दवाखान्यात धाडला की त्याचा कट ठरलेला, हे नांदेडच्या डॉक्टर लेनमधला रिक्षावालासुद्धा सांगेल, कारण कधीकधी त्यालाही मिळतो. हे रोखायला २०१७ मध्ये राज्यानं कायद्याचा मसुदा केला होता. मसुदाच राहिला. नर्सिंग होमच्या नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, दवाखान्यानं दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी म्हणून. आपल्या तालुक्याच्या गावात ते दरपत्रक कुठल्या भिंतीवर आहे, जाऊन बघाल का? त्यासाठी सत्तेत असायची गरज नाही. विरोधात असलात तर उलट सोपं.

शेवटचं, ऊसतोड्यांचं. केज, धारूर, वडवणी, गेवराईकडच्या मंडळींनी हे जास्त लक्ष देऊन वाचावं. दसरा झाला की टोळ्या निघतात, सातारा, सांगली, कोल्हापूर, पार बेळगावपर्यंत. कार्ड गावात पत्र्याच्या पेटीत आणि कोयता सहा महिने फडावर. २०१९ मध्ये विधान परिषदेत आकडा आला होता, बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायांच्या गर्भपिशव्या काढल्या, खासगी दवाखान्यांत. त्यानंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली. त्या बायांना कुणीतरी सांगितलं होतं, पिशवी काढली नाही तर कॅन्सर होतो. ते खोटं आहे, हे सांगायला गावातलं कुणीच मध्ये आलं नाही. मुकादम उचल देताना तुम्ही तिथं असता. टोळी ट्रॅक्टरवर चढताना नारळ फोडायलाही तुम्हीच असता. यंदा नारळ फोडण्याआधी प्रत्येक जोडप्याचं कार्ड मोबाइलमध्ये आहे का बघा. राज्यातल्या यादीतल्या कुठल्याही दवाखान्यात ते चालतं, फक्त गावाजवळच्याच नाही, हे त्यांना सांगा.

एवढं सगळं वाचून तुम्ही म्हणाल, भाषण झालं, आता काम सांगा. हेल्पलाइनचे नंबर आहेत १५५३८८ आणि १८०० २३३ २२००, दोन्ही फुकट. जिल्हा परिषदेच्या शाळेची भिंत, नाहीतर मारुतीच्या पारामागची, ज्याला जी जवळ असेल ती घ्या. त्यावर हे नंबर रंगवा आणि खाली तुमच्या जिल्ह्यातल्या यादीतल्या दवाखान्यांची नावं लिहा. शेजारी तुमचा, तुमच्या नेत्याचा, नेत्याच्या चिरंजीवांचा फोटो लावायचा असेल तर खुशाल लावा. मुखेडच्या भावानं एक भिंत रंगवावी, लोह्याच्या भावानं समोरची. फक्त दोरी बांधताना नंबर झाकला जाणार नाही, एवढं बघा.

आपला,
एक माजी आरोग्यमित्र, नांदेड